काढलं की निघाली

ज्या वर्षी ब्रह्मदेश हिंदुस्थानातून वेगळा झाला, त्याच वर्षी माझं लग्न होऊन मी कंग्राळीहून बेळगावच्या टिळकवाडीत आले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणीही विचारील. पण माझ्या संसाराची पहिली वर्षं त्या ब्रह्मदेशानंच खाल्ली. हे हायस्कुलात मास्तर. संध्याकाळी घरी आले की टोपी खुंटीला, चहा उभ्याउभ्या, आणि पावलं थेट घरमालकांच्या व्हरांड्याकडे. नवी नवरी आत चुलीपाशी, आणि नवरा बाहेर एका लांबच्या मुलखाच्या नादात. सवत असती तर निदान तिचं तोंड तरी बघायला मिळालं असतं.

घरमालकांना सगळे आप्पा म्हणायचे आणि पाठीमागे रंगूनआप्पा. मूळचे निपाणीजवळच्या बोरगावचे. तरुणपणी घरात भांडून गेले ते ब्रह्मदेशात मोलमीनच्या बंदराला पोचले, सागवानाच्या वखारीत मुकादम झाले, केस पिकेपर्यंत तिथंच राहिले. वडील गेल्यावर परत आले, पण भावांशी पटेना. मग टिळकवाडीत घर बांधलं. पुढची बाजू स्वतःला, मागची भाडेकरूंना. लग्न केलेलं नाही, अशी सगळ्यांची समजूत होती.

‘रंगूनआप्पा’ हा शब्द चुकून कानावर पडला तर ते भर रस्त्यात थांबत. “रंगून न्हवं, मोलमीन. रंगूनला दोनदा गेलतो, दोन्ही टायमाला खोकला घिऊन आलो.” अंगात कोट, डोक्याला काळी टोपी आणि कमरेला चौकड्यांची रेशमी लुंगी, अशा वेषात ते बाजाराला निघत. कुत्र्यांना त्याची सवय झाली होती, माणसांना नाही. चहा बिनदुधाचा, वाटीतून. निपाणीची तंबाखू आणून मक्याच्या सालीत स्वतः चिरूट वळत आणि पहिला झुरका घेतला की तोंड वाकडं करत. “लई गुणाची तंबाकू, पर हिला चिरूट व्हायला येत न्हाय. ही बिडीच्याच नशिबाची.” तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वळायला बसत.

व्हरांड्यात एकच आरामखुर्ची होती, सागवानी, आणि तिच्यात ते स्वतः कधी बसले नाहीत. स्वतः जमिनीवर उकिडवे. खुर्ची भांडायला येणाऱ्याची. “भांडणाऱ्याला आराम पायजे,” म्हणत, “न्हायतर लवकर दमतोय.”

त्या खुर्चीत बसून आमचे हे भांडत. वादाचा मुद्दा वर्षानुवर्षं एकच. ब्रह्मदेशाला वेगळं काढलं, की तो वेगळा निघाला? आप्पा ब्रह्मदेशाला ‘ती’ म्हणत, त्यामुळे वाद आणखीच घरगुती वाटे.

“इंग्रजांनी तोडला हो आप्पा,” हे म्हणायचे. “तिथल्या लोकांनी मतं दिली ती आपल्याबरोबर राहण्याच्या बाजूनं. तरी वेगळं काढलं. आज तो तुकडा, उद्या दुसरा.”

“मास्तर, ती मतं म्हंजे ‘आज न्हाय, सवडीनं जातो’ अशी हुती. तिला निघायचंच हुतं. आपली माणसं तिथं जाऊन शेतं घशात घालून बसली, गोदीतली कामं धरून बसली, वर तिलाच शिकवायला लागली. ऱ्हाईल कशी?”

“म्हणजे बरं झालं म्हणता?”

“बरं झालं कोण म्हणतंय? निघाली म्हणतोय मी.”

शेजारचे एक वकील अधूनमधून येत. त्यांना तत्त्वाशी देणंघेणं नव्हतं. एकदा ते म्हणाले, “गेला तर जाऊ दे की. बाजारात रंगूनी तांदूळ महागला नाही म्हणजे झालं. आपलं काय गेलं?”

आप्पांच्या हातातली चहाची वाटी व्हरांड्याच्या खांबावर फुटली. मी आतून धावत आले. वकिलांच्या धोतरावर चहा, आणि आप्पा उभे. “आपलं काय गेलं? तुमचं काय गेलं असंल वकीलसायेब, न्हाय गेलं असंल. ‘आपलं’ म्हणायचं न्हाय.”

जी निघून गेली, तिची बाजू घेऊन आमच्या यांच्याशी भांडायचं. आणि गेली तर गेली म्हणणाऱ्याच्या अंगावर धावून जायचं. असा तो माणूस. ब्रह्मदेशाबद्दल दुसऱ्या कुणी प्रेमानं बोललेलंही त्यांना चालत नसे. मोलमीनच्या टेकडीवरच्या देवळाचा कळस संध्याकाळी कसा दिसतो, हे सांगायचा हक्क टिळकवाडीत एकट्या त्यांचा.

आणि मी आत बसून जळायची. भांडी जरा जोरातच घासायची. जळण्याचं एक साधं कारण सांगते. लग्नानंतर यांनी माझी बोली सुधारायला घेतली होती. मी “न्हाय” म्हटलं की “नाही म्हण”, आमच्याकडच्या बायकांसारखं “गेलतो” म्हटलं की “गेले होते.” मी गप्प बसायलाच शिकले, ते सोपं होतं. आणि बाहेर आप्पा सगळी बोरगावची बोली वतत बसलेत, न्हाय, व्हय, लई, हुतं, आणि हे मान डोलावून ऐकताहेत! त्यांना एकदाही दुरुस्त केलं नाही. माझी तीच बोली चुलीपाशी अडाणी होती, आणि व्हरांड्यात तिला रुबाब होता.

एका संध्याकाळी निपाणीचा एक तंबाखूचा दलाल आला. शिवगोंडा त्याचं नाव, तिशीतला, तोंडानं मोकळा. ब्रह्मदेशात तंबाखू विकायला त्याच्या फेऱ्या होत. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, टिळकवाडीत तुझ्यासारखाच एक ब्रह्मदेशवाला आहे, जाऊन भेट.

आप्पांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि उलटतपासणी सुरू केली. “मोलमीनला गेलास का कधी? बंदरावरनं बाजारात कुठल्या वाटंनं गेलास? डाव्या हाताला काय लागतंय?” शिवगोंडा चुकला की आप्पांचा चेहरा उजळे. “म्हंजे बघितलं न्हाईस. नुसता गेलास.” आमचे हे हसत होते. बिचाऱ्या शिवगोंडाला वाटलं, काहीतरी भारी सांगितल्याशिवाय इथं निभाव लागत नाही.

“आप्पा, एक गंमत सांगू का?” तो म्हणाला. “मोलमीनच्या बाजारात एक बाई हाय. तिथलीच, ब्रह्मी. चिरूट वळून इकती. मी दुकानासमोर हुबा ऱ्हायलो, तर म्हणती कशी, ‘घे की रं, बघतोस काय नुस्ता!’ मी उडालोच! अगदी आपल्या बोरगाव-निपाणीकडची बोली. ‘लई कडक हाय, डोस्कं फिरंल,’ म्हणती. कुणी शिकिवलं म्हणून इचारलं, तर नुसती हसली.”

हे मोठ्यानं हसले. आतल्या दारापाशी मीही हसले. आप्पा हसले नाहीत. उकिडवे बसलेले ते हळूच मांडी घालून बसले, जशी माणसं दुखण्यात बसतात.

“दुकानात आणि कोण हुतं?”

“एक बाप्या हुता. गोरा, पान खाईत बसलेला. असंल तिचा दादला.”

आप्पा उठले, आत गेले, आणि कडी लावून घेतली. शिवगोंडा यांच्याकडे बघत राहिला. “माझं काय चुकलं का मास्तर?”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुढचं दार उघडलं नाही. हे शाळेत गेलेले. मी भात-आमटीचं ताट घेऊन गेले आणि दाराशी बसून राहिले. बऱ्याच वेळानं कडी निघाली. आप्पांनी ताट घेतलं, समोर ठेवलं, आणि एकही घास न घेता बोलायला लागले. का कुणास ठाऊक. कदाचित मी त्यांच्या मुलखातली म्हणून, कदाचित मी कधी काही बोलत नसे म्हणून.

ती चिरूटवाली त्यांची बायको होती. तिथल्या रीतीनं, चार माणसांसमक्ष, एका ताटात जेवून झालेली. मूल झालं नाही. ती बाजारात दुकान चालवी, आप्पा वखारीत. “तिथल्या बायका दादल्याचं नाव लावत न्हाईत, पोरी. दुकान तिचं, घर तिचं, नाव बी तिचंच. मला त्याचं काय वाटायचं न्हाय. न्हाय, खोटं कशाला, वाटायचं. गिऱ्हाइकाशी हसून बोलली तरी मला खपायचं न्हाय. म्हणून मी तिला आपली बोली शिकिवली, एवढ्यासाठी की ती दोघांतच ऱ्हावी. आणि ती आता त्याच बोलीत शिवगोंडाला ‘घे की रं’ म्हणती. ‘रं’ म्हणती!”

“मग सोबत का नाही आणलंत?”

“आली न्हाय.”

“तुम्ही विचारलंत का?”

“म्हंजे? बा गेल्याची तार आली, तसा ट्रंक भरली आणि म्हणालो, चल. ती चिरूट वळीत बसली हुती. वर बघितलं न्हाय. वळीतच ऱ्हायली. मग मी गेलो.”

“आप्पा, ‘चल’ हे सांगणं झालं,” मी म्हणाले. माझ्या तोंडून हे कसं निघालं कळलं नाही. “विचारणं वेगळं. तुम्ही इचारलं न्हाय.”

गप्प बसायला शिकल्यापासून मी उघडपणे म्हटलेला तो पहिला ‘न्हाय’. आप्पांनी ताट माझ्याकडे सरकवलं. “जा तू,” म्हणाले. त्यानंतर कितीतरी महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. यांच्याशी मात्र रोजचं भांडण चालू राहिलं. मी ऐकलेलं मी कुणालाच सांगितलं नाही, यांनाही नाही. एवढं एक ब्रह्मदेशातलं माझ्याजवळ होतं आणि यांच्याजवळ नव्हतं. ते सुख मी सोडणार नव्हते.

पुढं लढाई आली. जपान्यांनी मोलमीन घेतलं, मग रंगून. मोलमीन हे नाव वर्तमानपत्रात पहिल्यांदा ठळक आलं तेव्हा आप्पा तो अंक हातात घेऊन व्हरांड्यात उभे होते, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला दाखवत नव्हते. तिथली आपली माणसं डोंगरांतून, जंगलांतून चालत येताहेत अशा बातम्या यायला लागल्या. आप्पा रोज बेळगावच्या स्टेशनवर जाऊन बसत. हेही शाळा सुटली की थेट तिकडंच. घरी परतायला दिवेलागण. मी म्हटलं, तुम्ही कशाला? तर म्हणाले, “त्यांना एकट्याला बघवत नाही.” मला एकटीला बघवतं का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं.

शेवटी उतरला तो शिवगोंडा. लढाई सुरू झाली तेव्हा तो तिथंच अडकला होता. हाडं राहिली होती नुसती. एका पायाला चिंध्या बांधलेल्या. निपाणीची मोटार धरायच्या आधी आप्पांनी त्याला स्टेशनवरच पकडलं आणि टांग्यात घालून घरी आणलं. मी त्याला पेज पाजली. वकीलही आले. तो घोट घोट पीत वाटेतल्या गोष्टी सांगत होता, कोण कुठं पडलं, नदी कशी ओलांडली. आप्पा खांबाला टेकून ऐकत होते आणि विचारत काहीच नव्हते.

मग शिवगोंडा आपणहून म्हणाला, “आप्पा, ती चिरूटवाली आठवती का? बाँब पडायला लागलं तवा मी तिच्या दुकानाकडं गेलतो. ती फळ्या लावीत हुती. मी इचारलं, ‘आक्का, येतीस का आमच्या मुलखाला? मी नेतो.’”

“तू इचारलंस?” आप्पा खांब सोडून पुढं आले.

“व्हय. माणुसकी म्हणून. ती हसली. म्हणाली, ‘न्हाय रं, ह्यो माझा गाव. पर इचारलंस ते बरं केलंस. पयल्यानं कुणी इचारलं नव्हतं.’”

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या महिन्यांनंतर पहिल्यांदा. यांनी ते बघणं पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली; आपल्याला ठाऊक नसलेलं काहीतरी या दोघांना ठाऊक आहे, हे त्यांना त्या क्षणी उमगलं. मी मुद्दाम काही सांगितलं नाही. म्हटलं, जरा बसा आता तुम्हीही बाहेर.

“आणि त्यो पान खाणारा?” आप्पांनी विचारलं.

“कुठला?”

“दुकानात बसत हुता म्हणालतास. गोरा.”

“त्यो व्हय! त्यो तिचा भाऊ की. नंतर वळख झाली.”

“भाऊ!” आप्पा म्हणाले. “आरं, इतकं म्हैनं मी त्याला मनात शिव्या घालतोय!” आणि ते हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले, आणि मग टोपी काढून तोंडावर धरली. वकिलांना काही कळलं नाही. यांना हळूहळू कळलं. खुर्चीतून उठून हे आप्पांच्या शेजारी जमिनीवर बसले. वाद त्या दिवशी झाला नाही.

शिवगोंडाला निपाणीत थारा नव्हता. धंदा बुडाला होता. आप्पांनी त्याला आपल्याच घरात ठेवून घेतलं. तेव्हापासून व्हरांड्यात दोन ब्रह्मदेशवाले झाले. “माझ्या मागचं मोलमीन मला सांगू नगंस,” आप्पा त्याला बजावत, आणि थोड्याच वेळात, “बरं, त्या बाजाराच्या कोपऱ्यावर अजून चिंचेचं झाड हाय?” असं विचारत. आहे म्हटलं तरी दुःख, नाही म्हटलं तरी दुःख. शिवगोंडानं तिला विचारलं होतं, हे मात्र त्यांनी त्याला कधी माफ केलं नाही. जेवायला वाढताना त्याच्या पानात भात जास्त घालायचे आणि तोंडानं म्हणायचे, “खा. लई इचारणारा तू.”

लढाई संपली आणि जुनी माणसं परत जाण्याची भाषा करायला लागली. शिवगोंडानंही अर्ज केला. त्याचा तिथं धंदा होता, तो लढाईतून पळून आलेला, त्याचा अर्ज नियमात बसला. आप्पांनीही अर्ज केला. ते मात्र दोन देश एक असतानाच परत आलेले. आता परवाना लागत होता आणि तो मागायला आप्पांजवळ काहीच कारण नव्हतं. नकार आला. व्हरांड्यातला वाद पुन्हा पेटला, पण आता आप्पा यांच्या खुर्चीसमोर उभे राहून यांचंच म्हणणं मांडत होते. “तोडलं मास्तर, तोडलं! मधी कारकून आणून बसिवला!”

“मग ती निघाली नाही म्हणता?”

“ती निघाली. पर वाट का बंद केली?”

शिवगोंडा जायला निघाला त्या सकाळी आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. गाडी हलायला लागली तशी त्यानं खिडकीतून विचारलं, “तिला काय सांगू आप्पा?”

“सांगू काय नगंस,” आप्पा गाडीबरोबर चालत म्हणाले. “इचार.”

“काय इचारू?”

आप्पा चालत राहिले, ओठ हलवत राहिले, आणि फलाट संपला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते नाहीसे झाले. घराच्या किल्ल्या आमच्या उंबऱ्यावर ठेवलेल्या. हे वेड्यासारखे बोरगाव, निपाणी, कोल्हापूर फिरून आले. मी म्हटलं, “मद्रासच्या बंदरावर गेले असतील, रंगूनची बोट धरायला.” हे म्हणाले, “तुला कसं ठाऊक?” मी म्हटलं, “न्हाय ठाऊक. वाटलं.” यांनी ‘न्हाय’ दुरुस्त केला नाही.

महिन्याभरानं आप्पा आले. उन्हानं काळे पडलेले, लुंगी फाटलेली, टोपी तेवढी जागेवर. मी पाणी दिलं. शेजारपाजार जमला, वकीलही कुंपणापाशी उभे राहिले. आप्पा उकिडवे बसले आणि सांगायला लागले. मद्रासला परवान्याच्या कचेरीत कारकुनासमोर ते रोज जाऊन उभे राहायचे. शेवटी तो वैतागला. म्हणाला, तुमचा त्या देशाशी संबंध काय ते सांगा.

“मी म्हटलं, बायकोचं म्हायेर हाय.”

सगळे हसले.

“त्यो बी असाच हसला. म्हणाला, मग बायको कुठाय? म्हटलं, म्हायेरी.”

आता तर वकीलसुद्धा पोट धरून हसायला लागले. आप्पाही हसत होते, सगळ्यांकडे बघत, पुढचं सांगायची घाई झालेल्या माणसासारखे. हे हसत नव्हते.

“मग काय म्हणाला कारकून?” मी विचारलं.

“म्हणाला, म्हायेरी गेलीया तर यील की परत. जावा घरी, वाट बगा. म्हटलं, व्हय सायेब, तेच करतोय.”

लोक हसत हसत पांगले. मी ब्रह्मदेशाचा इतकी वर्षं हेवा केला, पण तो काहीच नव्हता. व्हरांड्यात आप्पांनी फाटकी लुंगी नीट करून पाय पोटाशी घेतले आणि रस्त्याकडे तोंड करून बसले, आणि मला त्या कधीच न पाहिलेल्या, चिरूट वळणाऱ्या बाईचा असा हेवा वाटला, की तसा आयुष्यात कुणाचा वाटला नाही.